गुरुवारच्या सूपातलं मीठ

कोणी कुरकुरत कसं नाही, हेच मार्यूतला कळेना.

सावो प्रांतातली माणसं म्हणजे कॉफी जरा पातळ झाली तरी आठवडाभर टोमणे मारणारी. आणि इथे गावच्या सभागृहात, गुरुवारच्या सामूहिक जेवणातल्या वाटाण्याच्या सूपात मीठ चक्क निम्म्यावर आणलं, तरी कोणी हूं की चूं करेना!

ही अक्कल मार्यूतचीच. ती नगरपालिकेची आहारसल्लागार. मिठाबद्दल तिने छापलेली पत्रकं गावाने सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला वापरली. मग तिने सभागृहाची स्वयंपाकीण हेल्वी हिला गाठलं. सांगायचंच नाही कोणाला, गुपचूप कमी करायचं. टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्याही उचलल्या.

"खाणाऱ्यापासून लपवायचं म्हणजे मला नाही बाई पटत," हेल्वी म्हणाली होती. पण मार्यूतच्या वडिलांचं, टाउनोचं, ब्लडप्रेशर तिलाही ठाऊक होतं. ती कबूल झाली.

उन्हाळा गेला, बर्फ पडायला लागला, तरी टाउनोचं ब्लडप्रेशर ढिम्म! असं कसं होईल? या गुरुवारी मार्यूत मुद्दाम त्याच्या शेजारी जेवायला बसली.

टाउनोने सूपात वाटलेली मोहरी कालवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे चोरून पाहिलं आणि खिशातून गोळ्यांची डबी काढली. आठवड्याचे सात खण. गुरुवारचा खण उघडून त्याने चिमूटभर पांढरं काहीतरी सूपात सोडलं आणि डबी टेबलाखालून शेजारच्याला दिली.

"बाबा! गोळी कुठाय?"

"सकाळीच घेतली. हे मीठ आहे. हळू बोल ना!"

"गोळ्यांच्या डबीत मीठ?"

"मग काय पोतं आणू? अगं, पहिल्याच दिवशी कळलं सगळ्यांना. पण हेल्वीला तोंडावर कोण सांगणार? जिभेची चव गेली बिचारीच्या, वय झालं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "सभागृहाच्या मंडळाने ठरवलंय, नाताळाआधी तिला छानसा गुच्छ द्यायचा आणि स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं. तिला अजून पत्ता नाही."

नवरा गेल्यापासून त्या स्वयंपाकघरापलीकडे हेल्वीला होतं काय? मार्यूतला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती उठून उभी राहिली.

"हेल्वीची जीभ शाबूत आहे. मीठ मी कमी करायला लावलं. तुमच्या नकळत."

पॅनकेकचं ताट घेऊन हेल्वी दारातच उभी होती.

"माझी जीभ गेली म्हणता?" ती कडाडली. "मेल्यांनो, आणि म्हणून इतके दिवस तुम्ही माझ्याशी एवढं गोड बोलत होतात होय!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण टाउनोच्या समोर बसलेली म्हातारी आइली हसली नाही. तिने मार्यूतला विचारलं, "आम्हाला चव कळणार नाही असं वाटलं तुला, की सांगून समजणार नाही असं?"

"दोन्ही," मार्यूत म्हणाली. खोटं बोलायला आता तोंडच नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. मीठ कमी केल्याने बऱ्याच जणांचं ब्लडप्रेशर उतरतं. प्रत्येकाचं उतरेलच असं ती सांगू शकत नाही. पण बाबांचं उतरावं असं तिला फार वाटतं, कारण रात्री फोन वाजला की तिच्या छातीत धस्स होतं.

टाउनोने चमचा खाली ठेवला.

"हे मला घरी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं की, बाबा. पत्रक..."

"पत्रक दिलं होतंस, पोरी. सांगितलं नव्हतंस."

पुढच्या गुरुवारी मिठाच्या बाटल्या टेबलांवर परत आल्या. सूपात मीठ निम्मंच होतं, आणि ते हेल्वीने वाढतानाच प्रत्येकाला सांगितलं. टाउनोने एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा ओरडला, "हेल्वी! अळणी आहे गं तुझं सूप!"

"माहीत आहे!" आतून तसाच खणखणीत आवाज आला. "बाटली समोर आहे, घाल हवं तेवढं!"

टाउनोने बाटली उचलली. हातात धरून जरा वेळ बघत राहिला, आणि मग न उघडताच आइलीकडे सरकवली.

"आज राहू दे," तो म्हणाला आणि कुरकुरत कुरकुरत त्याने सगळं सूप संपवलं.