समुद्राने स्वीकारलेला नारळ

जलसिद्ध महाराजांनी फेकलेला नारळ थेट आत निघाला आणि सोलापूरहून दोन बस भरून आलेल्या माणसांनी हात जोडले. भक्तांचे नारळ काठावर परत येत होते. महाराजांचा तेवढा समुद्र स्वीकारत होता.

"जिथं नारळ स्वीकारला, तिथं वरुणराजानं पाणी बांधलं. बेधडक स्नान करा," महाराज गुडघाभर पाण्यातून म्हणाले. त्यापुढे ते स्वतः कधी जात नसत.

दाक्षायणीने हात जोडले नाहीत. तिचा नवरा जोतीराम काल महाराजांच्याच शब्दावर त्याच जागी, किनाऱ्याच्या टोकाच्या कातळाशी, उतरला होता. मोहोळच्या विहिरीत पोहायला शिकलेला गडी. विहिरीच्या माणसाला संथ पाणी म्हणजे बिनधोक पाणी. कातळालगत लाटा नाहीत असं पाहून तो तिकडे गेला आणि अजून सापडला नव्हता.

"बापाचं स्नान अर्धं राहिलं. लेकीनं पुरं केलं की समुद्र त्याला परत देईल," महाराजांनी फर्मावलं. दाक्षायणीच्या सासूबाई, सारजाबाई, बारा वर्षांच्या नातीला, अंकिताला, धरून पाण्याकडे निघाल्या.

"आत्या, थांबा," दाक्षायणीने सासूला अडवलं.

"लेकराला आणायचंय मला. तू आडवी येऊ नगंस."

दाक्षायणी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने भक्तांच्या टोपलीतून नारळ उचलला आणि किनाऱ्याच्या मध्यावर फेकला. तो परत आला. दुसरा कातळालगत फेकला, तो आत गेला. तिसराही गेला.

"मी कुठला मंत्र म्हटला?" ती महाराजांकडे वळली. "मध्ये लाटा फुटतात, म्हणून तिथला नारळ काठावर येतो. पण लाटांनी आणलेलं पाणी परत जाणारच की. ते कातळाच्या कडेनं आत ओढलं जातं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. ती ओढ नारळ नेते, तशी माणूसही नेते. महाराज, पटत नसेल तर तुम्हीच उतरा."

"आज आम्हाला खोल पाणी वर्ज्य आहे," महाराज म्हणाले आणि काठाकडे सरकले.

सारजाबाई वाळूत बसल्या. अंकिताचा हात त्यांनी सोडला नाही. "म्हंजे, जितं ओढ लई, तितंच माझ्या पोराला उतरवलं व्हय?"



संध्याकाळी कोळ्यांनी जोतीरामचा देह आणला. बसजवळ जमलेल्यांना दाक्षायणी म्हणाली, "पाण्यात उतरण्याआधी इथल्या माणसाला विचारा. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध पोहू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. काल एवढंच कुणी सांगितलं असतं, तर ते आज आमच्याबरोबर घरी आले असते."