मंद्रातला ‘मीच’

पेन्सिलीचं टोक ‘क्षमा’ या शब्दावर मोडलं, आणि ताईला बरं वाटलं. चौदा वर्षं हाच शब्द – नाटकातली छळलेली सावत्र मुलगी शेवटी राणी होते, छळणाऱ्यांनाच पोटाशी धरून गाते, आणि पहिल्या रांगेतली पोरं डोळे पुसतात... चौदा वर्षं ती मुलगी मी होते. यंदा धाकटी आहे. माझी सख्खी धाकटी, जिला मीच बोट धरून या तालमीच्या खोलीत आणलं.

‘‘तू आता सावत्र आई कर,’’ दिग्दर्शक म्हणाला होता, चहा ढवळत, जणू खुर्ची जरा सरकवायला सांगत होता. ‘‘आणि शेवटचं गाणं नवीन लिही ना. त्या मुलीला तुझ्याइतकं कोण ओळखतं?’’

ओळखते तर! म्हणून तिने लिहिलं –

राख झाडली, आता उठले,
माफी मागा – देते कसली!
तुमच्या पाठी पाय ठेवुनी
गादीवरती मीच बैसले.

– आणि चाल बांधताना तो ‘मीच’ थेट मंद्रात नेला. धाकटीचा आवाज उंच, पातळ; तिथे खाली तिच्याकडे नुसती हवा. हे फक्त ताईला ठाऊक – लहानपणी दोघी एका पांघरुणात गात पडायच्या, खालचा सूर आला की धाकटी गप्प व्हायची, कुशीत शिरायची, ‘हा तू म्हण’ म्हणायची... नको ते. आज सगळ्यांसमोर तोंड उघडेल आणि काही निघणार नाही. मग येतील मलाच शोधत.

दुपारी पेटीवाल्याने सूर धरला. धाकटी उठली, हात झटकले, गायली.

‘‘अगं बाई, ही तर आमच्या सासूबाईच!’’ तिसऱ्या ओळीला पेटीवाला म्हणाला. सगळे हसले.

मग ती जागा आली. धाकटी उतरली, आणखी उतरली... सूर नव्हताच. ताईच्या मुठीत कागद चुरगळला – आणि धाकटीने तो शब्द नुसत्या श्वासात म्हटला, थेट तिच्याकडे बघत. हसणं जागच्या जागी थिजलं.

‘‘अस्संच ठेवायचं!’’ दिग्दर्शक ओरडला. ‘‘पुन्हा एकदा, सगळे जागेवर!’’

धाकटी जवळ आली, घामेजलेली. ‘‘ताई, मला तो सूर लागत नाही, माहितीये ना तुला?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे मुद्दाम?’’ तिचे डोळे चमकत होते – रागाने की आनंदाने, कळेना. ‘‘माझ्यासाठी?’’

सावत्र आईची जागा गादीच्या पायरीशी. ताई जाऊन वाकली, पाठ पुढे केली. डोक्यावरून गाणं सुरू झालं. माझे शब्द, माझं विष, आणि पाय तिचा... पाडायचं होतं हिला, अजूनही पाडायचंय. पण तिसरी ओळ संपली तसा ताईने श्वास रोखला, आणि तो शब्द यायची आपण वाट बघतोय हे तिच्या ध्यानात आलं – वाट, तहानेसारखी – आणि त्या वाट बघण्याचाच तिला इतका संताप आला की पाठ थरथरू लागली.