दोन तास एका हाताला

इटलीत न्यायाधीशांसाठी भरलेल्या शिबिरात चित्रकलेच्या बाईंनी अमेरिकेहून आलेल्या न्यायाधीशांना एका म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताचं चित्र काढायला बसवलं होतं, तेही चांगले दोन तास. त्यांच्यातल्या नेब्रास्का राज्याच्या मार्लिसबाई तेव्हा जाम वैतागल्या होत्या.

एरवी त्या चार मिनिटांत एकेक आरोपी उरकायच्या; परतल्यावर मात्र कोर्टात पहिल्याच आरोपीची पाऊण तास विचारपूस करत बसल्या. मधली सुट्टी होताच मुख्य न्यायाधीश डेलबर्ट तणतणत त्यांच्या खोलीत शिरले.

"मार्लिस, बाहेर एकोणचाळीस जण ताटकळलेत! हेच शिकून आलीस का तिकडून?"

"हो, हेच!" मार्लिसबाई ताडकन म्हणाल्या. "तिथं नुसता हात बघायला दोन तास पुरले नाहीत. इथं अख्खा माणूस सहा वर्षं आत टाकायला चार मिनिटं पुरतात होय रे?"