साक्षीदाराच्या ओळीवर

नोकरी संपून अकरा वर्षं झाली, तरी सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मी अजून नर्सबाईच आहे. शहात्तर साली लागले तेव्हा कागद कोणी वाचून दाखवत नसे. कुटुंब नियोजनाच्या शिबिरात मी म्हणायची, "लाव गं अंगठा," की बाया लावायच्या. त्यांची लेकरं माझ्या हातांवर जन्मली होती, मग वाचून कशाला दाखवायचं? ते दिवस आठवले की मला बरं वाटायचं.

यंदा माघात चंद्रपूरहून रक्तदाबाच्या एका नव्या गोळीचं संशोधन करणारे डॉक्टर आले. समाजमंदिरात बावीस बाया जमल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी गावातला एक साक्षीदार लागतो, तो मी झाले. डॉक्टर अकरा पानं वाचायला बसले. तिसऱ्या पानावर बाया जांभया द्यायला लागल्या. मी म्हटलं, "साहेब, राहू द्या. पुढचं मी यांना आपल्या बोलीत सांगते."

सांगितलं ते एवढंच की औषध चांगलं आहे आणि तपासणी फुकट आहे. मग पाहुण्यांचा मान म्हणून सुपारी फोडून सगळ्यांना वाटली. मासेमारी करणाऱ्या या ढिवर घरांत सोयरीक ठरली की अशीच सुपारी फोडतात. ती खाल्ल्यावर शब्द मोडला तर पंचांपुढं उभं राहावं लागतं. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी डोक्यात आलं नाही. 'माझ्यासमोर संपूर्ण वाचून दाखवले' या ओळीवर मी बावीस वेळा सही केली. बायांच्या प्रती भिजतील म्हणून त्याही माझ्याच पेटीत ठेवल्या.

श्रावणात एका दुपारी त्या बावीसांतली सोमारी ओल्या लुगड्यानंच दारात आली. ती तलावात छातीभर पाण्यात उभी राहून मासोळ्या धरते.

"बाई, मले त्या गोळीतून सोडवा."

"काऊन गं?"

"चक्कर येते. आज पाण्यातच डोळ्यापुढं अंधारी आली. मंगलीनं झिंज्या धरून ओढलं म्हणून वाचली. नाई तं आता मासोळ्या मले खाऊन राह्यल्या असत्या."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"कसं सांगू? सुपारी खाल्ली ना! सासू म्हणते, मोडलं तं पंच बसन. अन् आचलचा सिकलसेलचा इलाज त्याच डॉक्टरकडं हाय. मी सुटली तं पोरीले हाकलन तो."

सातव्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं; सह्या करताना तेवढं पान डोळ्यांखालून गेलं होतं. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं. दुसऱ्या उपचारांना धक्का लागत नाही. ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, आधी का नाही सांगितलं.

"आज गोळी खाऊ नको. उद्या बघू," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी सुनीलला फोन केला. गावागावांत गोळ्या पोचवणारा संशोधनाचा माणूस तो.

"बाई, चक्कर कागदावर आणू नका," तो म्हणाला. "नोंद झाली की चौकशी लागते. साक्षीदार होता का, सगळं वाचलं का, असं विचारतात. बावीस ठिकाणी तुमची सही हाय. तिले म्हणा, काही दिवस पाण्यात जाऊ नको."

"मग खाईल काय ती?"

"मी तुमच्या भल्याचंच सांगून राह्यलो, बाई."

तो धमकावत नव्हता, म्हणून तर जास्त भीती वाटली. मला बायनाबाई आठवली. शहात्तरच्या शिबिरानंतर तिनं विचारलं होतं, "नर्सबाई, आता मले लेकरू नाई होनार का?" मी हसून दुसरंच काही बोलले होते. पुढं ती होती तोवर मी तिच्या दारावरून गेले नाही.

सकाळी बावीसही प्रती घेऊन मी तलावाच्या पाळीवर गेले. बाया जाळी झटकत होत्या. मी सातवं पान मोठ्यानं वाचलं.

"म्हंजे कवाबी सोडता येत होतं?" मंगलीनं विचारलं.

"हो."

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"मला वाटलं, तुम्हाला कशाला हवं ते."

सोमारीची सासू पुढं आली. "अन् सुपारीचं काय, बाई?"

"सुपारी मी फोडली. पंच बसले तर मी उभी राहीन."

सोमारीनं कागदावरचा डॉक्टरांचा नंबर मलाच लावायला लावला. "मी सोमारी. पाण्यात चक्कर आली. गोळी नाई खात आता, नाव काढा. माया पोरीचा इलाज?" ती बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, "चालूच राहीन म्हंते. मले तपासाले बोलावलं." क्षणभरानं म्हणाली, "तुमाले बी बोलावलं, चौकशीले."

मग तिनं हात पुढं केला. "माहा कागद द्या."

सगळ्यांचेच हात पुढं आले. मी नावं बघून कागद वाटले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, तशी मंगली म्हणाली, "तुमी नोका वाचू, बाई. माई सून वाचन."

तिची सून डिंपल बारावी झालेली. मासोळ्यांचे हात पदराला पुसून ती अडखळत वाचू लागली. कोणीही जांभई दिली नाही. चौथ्या पानावर ती थांबली, सोमारीकडं बघितलं आणि पुढं वाचलं, "चक्कर येऊ शकते. पाण्यात किंवा उंचावर काम करणाऱ्यांनी गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे."

ते पान मीही पहिल्यांदाच ऐकत होते.