यंदा मोजा

लोर्नाने व्हरांड्यातली वेताची खुर्ची तिसऱ्यांदा उचलली आणि घंटेच्या बरोबर खाली नेऊन ठेवली.

"जरा डावीकडे घे," मिसेस पाइक म्हणाल्या. "आजी डावीकडे बसायची."

"मघाशी तुम्हीच उजवीकडे म्हणालात."

"मघाशी मी तिकडे तोंड करून उभी होते."

लोर्नाने खुर्ची डावीकडे सरकवली. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आजचा एक दिवस. संध्याकाळी म्हाताऱ्या पाइकबाई मुलाच्या गाडीत बसून ॲरिझोनाला जाणार होत्या, त्या कायमच्याच. फाटकाशी त्याची, वॉरनची, करडी गाडी सकाळपासून उभी होती. मागच्या सीटवर बॅगा रचलेल्या आणि त्यांच्यावर पाइकबाईंचा जाड लोकरी कोट. त्या वाळवंटात हा कोट घालून बाई काय करणार होत्या, ते देवालाच ठाऊक.

घर होतं त्यांच्या आजीचं, अल्मायरा टटलचं. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून या बाईने उभा जन्म गावातली दारं ठोठावण्यात घालवला आणि पुढे तिच्या घराचं संग्रहालय झालं. लोर्ना तिथली व्यवस्थापक. आता व्यवस्थापक म्हणायचं ते कागदावर. घराची नात जिवंत होती, रस्त्यापलीकडेच राहत होती, आणि पडदा सरकवला की तिला खिडकीतून सगळं दिसत होतं. लोर्नाने हिरवळीवर योगासनांचा वर्ग काढला, तर बाई म्हणाल्या, आजीच्या हिरवळीवर कुणी पाय वर करून झोपलेलं नाही. गावच्या बिअरवाल्याला एक संध्याकाळ द्यायची ठरवली, तर आजीला दारूचा वासही खपत नव्हता. कुत्र्यांची मिरवणूक मात्र लोर्नाने हट्टाने काढलीच, गळ्यात पिवळे पट्टे घातलेली कुत्री. त्यातल्या एकाने अल्मायराच्या गुलाबावर तंगडी वर केली. तो विषय अजून मिटलेला नव्हता. सहा वर्षांत बाईंनी तिच्या नाकी नऊ आणले होते.

मग वसंतात बाई जिन्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण वॉरन विमानाने धावत आला आणि आईच्या मागेच लागला. महिनाभर वाद घालून बाई एकदाच्या म्हणाल्या, "यंदाची घंटा वाजवते आणि येते." हे ऐकलं त्या रात्री लोर्ना किती तरी दिवसांनी शांत झोपली.

घंटा म्हणजे व्हरांड्याच्या आढ्याला टांगलेली जेवणाची घंटा. एकोणीसशे सतरा साली राज्यातल्या पुरुषांनी मत देऊन बायकांचा हक्क मान्य केला, तेव्हा अल्मायराने ती इतकी वाजवली की दोरी तुटली. त्याची आठवण म्हणून दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी अंगणात तेच मतदान पुन्हा व्हायचं. मत फक्त पुरुषांनी द्यायचं. हो असेल तर पांढरी घेवड्याची बी, नाही असेल तर काळी, अशी मूठ झाकून पावाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. अल्मायरा आपल्या स्वयंपाकघरात शेजारणींना मतदान शिकवायची ते असंच. तोवर बायका तेव्हाच्या चळवळीतल्यासारखे पांढरे कपडे आणि खांद्यावरून पिवळे पट्टे घालून व्हरांड्यात उभ्या. घंटा वाजेपर्यंत एकीनेही पायरी उतरायची नाही, हा नियम. घंटा वाजली की बायका खाली येणार, कणसं वाढणार, मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे वाढणार, आणि मग आइस्क्रीम. नोकरीची म्हणून तेवढी लोर्ना अंगणात असायची, कारण कणसांखालचा जाळ कुणीतरी सांभाळायलाच हवा.

यंदा सकाळपासून सगळंच बिनसत होतं. खुर्च्या भाड्याने देणाऱ्याने लग्नाच्या सोनेरी खुर्च्या पाठवल्या. आइस्क्रीमच्या पेटीतला बर्फ कमी पडला. भाषण करणाऱ्या ग्रंथपालबाईंचा घसा बसला, तरी त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.

"आता आटपा म्हणावं," लोर्नाचा नवरा ग्लेन तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "पोटात कावळे ओरडताहेत."

"मग जा आणि मत टाक. रांग तुझ्यासाठीच थांबलीय."

ग्लेन हसत रांगेत शिरला. पुरुषांची ही रांग म्हणजे दरवर्षीची गंमत. हार्डवेअरच्या दुकानाचा बर्ट कूली आजोबांची टोपी घालून यायचा आणि डब्याशी पोचला की खूप विचारात पडल्यासारखी दाढी खाजवायचा. वरून त्याची बायको ओरडायची, "बर्ट, आज घरी जेवायचंय ना?" यंदाही ते झालं. यंदाही सगळे हसले. सगळ्यात शेवटी वॉरनने बी टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं.

आता गावचे दंतवैद्य डॉक्टर हॅस्किन्स उठले. डबा उघडायचा, आत डोकावायचं आणि खणखणीत आवाजात "मंजूर" म्हणायचं, हे काम त्यांचं. आधी ते त्यांच्या सासऱ्यांचं होतं. डॉक्टरांनी झाकण काढलं, मान वाकवली आणि तोंड उघडलं.

"डॉक्टर," व्हरांड्यातून पाइकबाई म्हणाल्या. "यंदा मोजा."

"काय मोजू?"

"बिया. यंदाची माझी शेवटची. किती जणांनी हो म्हटलं ते ऐकून मग वाजवीन."

लोर्नाने कपाळाला हात लावला. जायच्या दिवशीसुद्धा. कणसं उकळून मऊ पडत होती, आइस्क्रीमचं पाणी होत होतं, लहान मुलं टेबलाखाली मारामारी करत होती, आणि बाईंना आता मोजणी सुचली.

"मोजा हो डॉक्टर," ती म्हणाली. "मोजा आणि संपवा."

डॉक्टरांनी टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर डबा उपडा केला आणि काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे करायला लागले. अर्ध्यावर त्यांचा हात मंदावला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग मान न उचलता लोर्नाला बोटाने जवळ बोलावलं.

"काळी एक जास्त आहे," ते पुटपुटले.

"म्हणजे?"

"म्हणजे पडला ठराव." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी मंजूर म्हणून टाकतो. कुणाला काय कळतंय."

लोर्नाने वर पाहिलं. पाइकबाईंनी पांढरे हातमोजे चढवले होते. एक हात दोरीवर होता. इतक्या लांबून त्यांना टेबलावरचं काही दिसत नव्हतं, त्या नुसत्या आवाजाची वाट बघत होत्या. फाटकापाशी वॉरन बोटात किल्ल्या फिरवत होता. लोर्नाने मान हलवायचा अवकाश, घंटा वाजणार होती, करडी गाडी निघणार होती, आणि उद्यापासून रस्त्यापलीकडचा पडदा हलणार नव्हता. खरं सांगायचं तर तिची मान हलायला लागलीच होती. तेवढ्यात तिला बाजूला ग्लेन दिसला. तो कापडावरच्या काळ्या ढिगाकडे बघत गालातल्या गालात हसत होता.

"तू कुठली टाकलीस?" तिने विचारलं.

"काळी," ग्लेन म्हणाला. "मी दरवर्षी काळीच टाकतो."

"का?"

"अगं, सगळ्या पांढऱ्याच निघाल्या तर मजा काय? एखादी काळी नको? आणि माझ्या एका बीने काय अडतंय?"

लोर्ना त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासूनचा, छे, सहा वर्षांचा सगळा संताप तिच्या डोक्यात गोळा झाला, आणि नवल म्हणजे त्यातला एक कणही पाइकबाईंवर नव्हता.

"नामंजूर," ती मोठ्याने म्हणाली. "एका बीने."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग अंगणभर हशा पिकला.

"अरे, मला वाटलं मी एकटाच," बर्ट कूली म्हणाला.

"तू पण?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग जो तो एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लागला. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे आहेतच की पांढरी टाकायला. व्हरांड्यातल्या बायकाही आधी हसल्या. पण हसता हसता एकेकीने खाली आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि वरचं हसू खालच्यापेक्षा बरंच लवकर संपलं.

पाइकबाईंनी सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली.

"मागच्या वर्षी किती होत्या?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर, मागच्या वर्षी मोजल्या होत्या?"

"नाही, मिसेस पाइक."

"त्याच्या आधी? तुमच्या सासऱ्यांनी?"

डॉक्टर हॅस्किन्स भल्या स्वभावाचा माणूस, तोंडावर विचारलं की खोटं त्यांना जमत नसे. "मोजायची गरज काय होती?" ते म्हणाले. "निकाल सगळ्यांना ठाऊकच होता ना."

पाइकबाईंनी दोरी सोडली. मग सावकाश, एकेक बोट ओढत हातमोजे काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि खुर्चीत बसल्या. त्या रडतील की काय असं लोर्नाला वाटलं. ते तिला पाहवलं नसतं. पण बाई रडल्या नाहीत. त्यांनी पर्सची कळ दाबून बंद केली.

"नऊ वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा वाजवली," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी कशासाठी वाजवत होते, कोण जाणे."

"पुन्हा घेऊ," बर्ट घाईने म्हणाला. टोपी त्याने केव्हाच काढून हातात घेतली होती. "आत्ता घेऊ. सगळे पांढरी टाकतील, मी बघतो कोण टाकत नाही ते. काय रे?"

"हो, हो," बरेच जण म्हणाले.

"एकोणीसशे पंधरा साली पहिल्यांदा पडला होता ठराव," पाइकबाई म्हणाल्या. "तेव्हा आजीला कुणी म्हटलं नाही, थांब, आत्ता पुन्हा घेऊ. दोन वर्षं परत दारोदार हिंडली ती. याच गावात. तुझ्या पणजोबाने तिच्यावर कुत्रा सोडला होता, बर्ट."

वॉरन पायरीपर्यंत आला. "आई, गाडी भरलीय. उजेड आहे तोवर हायवेला लागायचंय."

"मी म्हटलं होतं, घंटा वाजवते आणि येते."

"मग वाजव ना. एकदा वाजव आणि चल."

"पडलेल्या ठरावावर?"

"आई, हा खेळ आहे."

"हो का?" बाई म्हणाल्या. "तू कुठली टाकलीस?"

वॉरनने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. लोर्नाला एकाएकी त्याची कीव आली. आईला घेऊन जायला सगळ्यात उतावीळ तोच, आणि जास्तीची बी कुणाची ते आता साऱ्या अंगणाला दिसत होतं.

"बॅगा उतरव," पाइकबाई म्हणाल्या. "कोट नीट टांग, चुरगळतो. पुढच्या ऑगस्टला बघू. बर्ट, तू वर ये आणि त्या कठड्यावर बस. काळी का टाकलीस ते मला सांग. मला ऐकायचंय. तुझ्यानंतर डॉक्टर."

बर्टने बायकोकडे पाहिलं. बायको दुसरीकडे बघत होती. तो मुकाट्याने पायऱ्या चढला.

अंगणात पुरुष सोनेरी खुर्च्यांच्या मधे उभे होते. कणसांच्या भांड्यातून वाफ येत होती.

"मग आता वाढणार कोण?" ग्लेनने हळूच विचारलं.

व्हरांड्यातल्या बायकांनी ते ऐकलं. घंटा वाजली नव्हती, तेव्हा एकही बाई पायरी उतरली नाही. ग्रंथपालबाई तर पट्टा सारखा करून कठड्याला टेकून आरामात उभ्या राहिल्या.

लोर्नाने हातातला चिमटा ग्लेनच्या हातात दिला. "कणसं आणखी उकळू देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि बटाट्यांवर लोणी घाल."

पुढच्या ऑगस्टपर्यंत म्हणजे अख्खा हिवाळा, भोपळे कोरायचा दिवस, नाताळचा बाजार, आणि प्रत्येक वेळी तो पडदा. तिच्याच तोंडून निघालं होतं, दोष दुसऱ्या कुणाला देणार? एक हूं करून ती पायऱ्या चढली आणि बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. कुणीतरी स्वतःच्या अंगावरचा पिवळा पट्टा काढून तिच्या खांद्यावर टाकला.

पाइकबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर सरळ ऊन येत होतं.

"लोर्ना," त्या म्हणाल्या, "ही खुर्ची जरा उजवीकडे घे."

लोर्ना खाली वाकली आणि बाईंसकट खुर्ची उजवीकडे सरकवली.