वांग्याचा बैल

करपल्याचा वास नव्हता, हेच सुमिएला आधी विचित्र वाटलं. धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन ती अंगणातून आत येत होती आणि स्वयंपाकघरातून आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो भाजल्याचा वास येत होता. खारट, गोड, कडेला किंचित जळकट, अगदी जसा यायला हवा तसा. गेलं वर्षभर या घरात चूल पेटवायची ती फक्त सुमिएने. आणि सुमिए तर बाहेर होती.

टोपली दारातच टाकून ती धावली.

तिची सासू किनु ओट्यापाशी उभी होती. नव्वदी ओलांडलेली, कमरेत वाकून अर्धी झालेली बाई. हनुवटी जेमतेम ओट्याच्या वर येत होती. चहाचा पेला धरतानासुद्धा थरथरणारा तिचा हात आता मात्र छोट्या पातेल्यात लाकडी पळी फिरवत होता, सावकाश, तळाला लागू न देता. गॅसखालच्या मासे भाजायच्या खणातून धूर येत होता.

"आई, गॅस कोणी पेटवला?"

"मी. तू काय बाहेरून पेटवलास?"

काल पाहुण्यांच्या गडबडीत ओट्याखालची गॅसची चावी बंद करायची राहून गेली होती. चूक सुमिएचीच. तिने आधी चावी बंद केली, मग सासूच्या बाह्या चाचपल्या, बोटं उलटसुलट करून पाहिली. कुठे भाजलं नव्हतं.

"हात सोड. लेप घट्ट होतोय."

किनुने खण ओढला आणि भाजलेलं वांगं चिमट्याने ताटलीत काढलं. उभं चिरून दोन फाका केलेल्या, गरावर सुरीच्या तिरक्या रेघा, रेघांत मुरलेलं तेल. त्यावर तिने मिसोचा तो तांबडा लेप पसरला. लाल मिसो, साखर, गोड दारू आणि घरच्या सफरचंदांचा आटवलेला रस. तो रस किती घालायचा हे किनुने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या हातचं हे लेप लावलेलं वांगं, देनगाकु, खायला रेइजी, म्हणजे तिचा मुलगा आणि सुमिएचा नवरा, बागेतून काम टाकून यायचा.

मग सुमिएला ती भोकं दिसली. एका फाकेच्या सालीला दोन, दुसरीच्या सालीला दोन. काडी खुपसल्यासारखी.

ती आतल्या खोलीत गेली. पितर घरी राहायला येतात त्या सणाचा आज शेवटचा दिवस, आणि त्यांच्या चौरंगावर रेइजीचा फोटो होता, फळं होती, पाणी होतं. काकडीचा घोडा तागाच्या काड्यांच्या चार पायांवर उभा होता. त्याच्या शेजारची वांग्याच्या बैलाची जागा रिकामी होती आणि तिथे त्याचे चार पाय नीट शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. किनुची टापटीप अशी, की बैल मारला तरी पसारा नाही.

सुमिए परत आली तेव्हा सासू जमिनीवर बैठकीवर बसली होती आणि ताटली तिच्यासमोर होती.

"आई, हा चौरंगावरचा बैल होता."

"मग?"

"रेइजीचा बैल होता. आज संध्याकाळी ते जायचेत."

"मला शिकवतेस? या घरात आले तेव्हापासून बैल मीच करतेय. तुझ्या बैलाचे पाय नेहमी फेंगडे."

"मग भाजलात कशाला?"

किनुने लेप लागलेलं बोट चाटलं. "घोडा आणतो, बैल नेतो. बैलच नसला तर जाईल कसा तो?"

काय गंमत आहे पाहा, रोज सकाळी ही बाई विचारायची, 'रेइजी उठला का?' सुरुवातीला सुमिएने खरं सांगून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सफरचंदांची छाटणी करता करता तो शिडीवरच गेला, हे किनु दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची आणि दर वेळी पहिल्यांदाच रडायची. शेवटी सुमिएने सांगणं सोडलं. बागेत गेलेत, म्हणायची. आणि आज हीच बाई मेलेल्या मुलाची परतीची वाट अडवून बसली होती, पूर्ण शुद्धीत.

"एक फाक त्याच्यापुढे ठेव," किनु म्हणाली. दुसरी तिने ताटलीतच सुमिएकडे सरकवली. "ही तू खा."

सुमिए बघतच राहिली. शरदातलं वांगं सुनेच्या ताटात वाढू नये, असं त्या गावातल्या सासवा म्हणत. कोणी म्हणे, चव इतकी की सुनेवर कशाला उधळायची. कोणी म्हणे, वांगं थंड, बाईची कूस गार पडते. किनुने यातलं दुसरं कारण धरलं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी उन्हाळा सरला आणि तिने सुमिएपुढची ताटली हसत हसत उचलून नेली. पुढच्या वर्षी हसली नाही. मूल झालंच नाही, आणि दर शरदात ती ताटली सुमिएच्या पुढ्यातून उचलली जात राहिली. मग कोणी उचलायचीही गरज उरली नाही, सुमिए आपणच हात लावेनाशी झाली. इतरांना वाढायची आणि आपण लोणच्याशी भात खायची. रेइजीला ते दिसायचं, पण आई आणि बायको यांच्यामध्ये पडायची त्याची छाती नव्हती.

"अजून उन्हाळा सरला नाही," किनु म्हणाली. "आणि सरला असता तरी काय? आता काय थंड व्हायचं राहिलंय?"

त्या बोलण्यात टोमणा होता की माफी, हे सुमिएला कळलं नाही. तिला रागच आला. इतकी वर्षं दिलं नाही आणि आज, नेमकं आज, देतेस. तिने ताटली उचलून फडताळात ठेवली. "नंतर खाते," ती म्हणाली.

कारण आज दुपारी चार वाजता गाडी यायची होती.

नदीपलीकडच्या गावात म्हाताऱ्यांचा एक आश्रम होता. किनुचं नाव तिथे वर्षभर रांगेत होतं. जूनमध्ये पहाटे ती रेइजीला शोधायला बागेत गेली आणि पाटात पडली. शेजाऱ्याने बाहेर काढेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात बांध धरून उभी होती. सुमिए काठावर होती, पण तिला ओढता आलं नाही. तिची स्वतःची कंबर त्याच्या आदल्या हिवाळ्यातच गेली होती. सण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फोन आला की एक खाट रिकामी झाली आहे. कशी रिकामी झाली, ते सुमिएने विचारलं नाही.

हात्सुए, रेइजीची धाकटी बहीण, त्यासाठीच शहरातून आली होती. ती अंघोळ करून बाहेर आली, चौरंगावर नजर गेली आणि मटकन खाली बसली.

"वहिनी, बैल कुठाय?"

"तुमच्या आईने भाजला."

"भाजला म्हणजे?"

"मिसो लावून."

हात्सुएला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने तोंडाला पदर लावावा तसा गळ्यातला टॉवेल लावला. "आई, अगं आता दादा कशावर जाणार?"

"राहू दे ना," किनु आतून म्हणाली. "जागा आहे घरात."

दोघी नणंद-भावजया उठून मागच्या ओसरीवर गेल्या. आईला गाडीचं सांगायचं कोणी, हा घोळ तीन दिवस चालला होता. एकीने दुसरीवर ढकलायचं, दुसरीने पहिलीवर.

"तू सांग वहिनी. तुझं ऐकते ती."

"माझं? वन्सं, तुमच्या आई आहेत त्या."

"माझ्यापेक्षा तुझ्याजवळ जास्त वर्षं राहिलीय." हात्सुएने डोळे पुसले. "मी नेली असती गं. पण यांना अर्धांगवायू झाल्यापासून आमच्या दोन खोल्यांत यांचीच खाट मावत नाही."

"मी कुठे काय म्हणतेय."

आणि खरंच, कोणी कोणाला काय म्हणायचं? दोष द्यायला माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. सुमिएने फोन उचलून आश्रमात लावला. एक दिवस पुढे नाही का ढकलता येणार, सणाचा शेवटचा दिवस आहे, तिने विचारलं. पलीकडची मुलगी फार मऊ बोलली. आज खाट घेतली नाही तर रांगेतल्या पुढच्यांना द्यावी लागेल, ती म्हणाली, आणि पुन्हा कधी रिकामी होईल सांगता येत नाही. सुमिएने तिचे आभार मानले. आभार कशाचे मानले, ते तिचं तिलाच कळेना.

"निदान बैल तरी कर," हात्सुए म्हणाली. "दादाला तरी अडकवून ठेवू नको."

सुमिए परसात गेली. वांग्याच्या झाडाशी सुरी घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. नवऱ्याला जायला वाहन द्यायचं तिच्या हातात होतं. सासूला ठेवून घ्यायचं मात्र हातात नव्हतं. नवऱ्यालाही पाठवू नये, हा सासूचा हिशेब क्षणभर तिलाही पटला. पण ज्याला जायचंच आहे त्याला पायी कशाला चालवा? तिने दोन वांगी कापली, एखादं किडकं निघालं तर म्हणून.

ती ओसरीवर येऊन बसली तेव्हा हात्सुएने आईला बाहेर जायचा निळा सदरा घालून आणून बसवलं होतं. सुमिएने चौरंगावरच्या त्याच काड्या घेतल्या आणि वांग्याच्या पोटात खुपसल्या.

"फेंगडे," किनु म्हणाली. तिने वांगं ओढून घेतलं, काड्या उपसून पुन्हा लावल्या. बैल ताठ उभा राहिला. तिने तो लांब धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"दुसरा कर."

"दुसरा कशाला, आई?"

"मला."

हात्सुए हातातली पिशवी भरायची थांबली.

"चार वाजता गाडी येणार ना," किनु म्हणाली. "तीन दिवस कुजबुजताय दोघी. बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं कुजबुजता."

"आई, ते..." सुमिए म्हणाली.

"घोडा नको देऊस मला. बैल दे. घोडा भरभर नेतो." किनुने दुसरं वांगं उचलून सुमिएच्या मांडीवर ठेवलं. "मी मागे वळून बघत बघत जाईन म्हणते."

सुमिएने काड्या मोडल्या. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे पाय आणखीच वाकडे लागले. सासूने ते नीट केले नाहीत. ती परसाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने रोजच्या आवाजात विचारलं, "रेइजी उठला का गं?"

"बागेत गेलेत, आई."

"इतक्या उन्हाचं?" किनु म्हणाली. "टोपी नेली का?"

"नेली."

गाडी वेळेवर आली. चालवणारा चष्मेवाला, पोक्त माणूस होता. त्याने किनुला हाताला धरून सवयीने बसवलं आणि पट्टा लावला. हात्सुए पिशवी घेऊन शेजारी बसली. आश्रमात आईला सोडून ती तिथूनच शहराची गाडी धरणार होती. किनुच्या मांडीवर तिचा फेंगड्या पायांचा बैल होता आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. आपण कुठे निघालो आहोत, हे त्या घटकेला तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तोंडावर तरी काही नव्हतं.

सुमिए चालवणाऱ्याच्या खिडकीशी गेली. "जरा हळू न्या हं."

"आजींना गाडी लागते का?"

"नाही."

तो पुढचं ऐकायला थांबला. सुमिएला समजावून सांगता आलं असतं, तोही त्याच भागातला माणूस होता. "तरी हळू न्या," ती म्हणाली.

भला माणूस. त्याने खरंच हळू नेली. गाडी सफरचंदांच्या बागांमधून इतकी सावकाश उतरली की मागून आलेला ट्रॅक्टर तिला ओलांडून पुढे गेला. मागच्या काचेतून किनुचं पांढरं डोकं वळलेलं दिसत होतं. वळणापर्यंत ते तसंच वळलेलं राहिलं.

ऊन कलल्यावर सुमिएने पितरांना निरोप द्यायला फाटकाशी तागाच्या काड्या पेटवल्या. पूर्वी दर साली हे काम तिघं मिळून करत. आगकाडी ओढायला रेइजी, 'वाऱ्याकडे पाठ कर' म्हणून ओरडायला किनु. आज ती वाऱ्याकडे तोंड करून बसली होती, तरी कोणी ओरडलं नाही. किनुने ताठ उभा केलेला बैल तिने विस्तवापुढे ठेवला. "या पुढच्या वर्षी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग तिला एकदम वाटलं, हाच जरा थांबला असता तरी चाललं असतं. घरात आता खरोखरच जागा होती.

आत येऊन तिने चौरंग आवरला. रेइजीपुढची फाक तशीच होती. फडताळातली आपली ताटली तिने काढली आणि सासूच्या बैठकीसमोर बसून, न गरम करता, जेवायच्या काड्यांनी गर उचलून तोंडात घातला. आधी खारट लागलं. मग सावकाश, मागून, सफरचंदाचं गोड आलं. रस किती घालायचा ते विचारायचं राहिलं होतं. विचारायला माणूस होतं अजून, नदीपलीकडे. पण त्या माणसाला आता सांगता आलं नसतं.

तिने सगळं खाल्लं, कडेचा जळका लेपसुद्धा खरवडून. ताटलीत साल तेवढी उरली, दोन भोकांची. ती तिला टाकवेना.