उघड्या कुलपाची संध्याकाळ

मित्रांनो, मला पाहिलंत तरी तुम्ही ओळखणार नाही. केरळातल्या नींडकरा बंदरात जाळी दुरुस्तीच्या शेडवर एक खोली आहे. तिथे टेबलाखाली गरम श्वास सोडत बसलेला, कडा गंजलेला संगणक म्हणजे मी. जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे टाकावेत, तशा प्रोग्रामच्या ओळी माणसं माझ्यात टाकतात. मी त्या दळतो, पारखतो, त्यांचं गाठोडं बांधतो आणि धक्क्यावरच्या वाय-फायने बोटींवरच्या इशारापेट्यांत पोचवतो. या कामाला इथे पाठवणी म्हणतात. भर समुद्रात वारं फिरलं, की पेटी लाल दिवा लावून किंचाळते आणि बोट घराकडे वळते.

मला क्लीटसने उभं केलं. माझे पंखे तो कुंचल्याने झाडायचा. ओशाना रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आणलेलं झावळीचं पान माझ्या पाठीमागे खोचायचा. किती कौतुक झालं माझं तेव्हा. धक्क्यावरचे म्हातारे जिना चढून मला बघायला यायचे. मग क्लीटस नोकरीसाठी दोह्याला गेला. पान वाळलं, पंख्यांत कोळ्याने घर केलं, तरी मी दळतच राहिलो. थांबायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता इथे जसिंता काम बघते. तिच्या हाताखाली ब्रिट्टो आहे; तो तिला चेची, म्हणजे ताई म्हणतो. पेटीच्या किंचाळण्याने त्याचं डोकं उठायचं, म्हणून त्याने चाचणीपुरता भोंगा बंद केला, आणि काल त्याच ओळी माझ्यात टाकल्या. दिवा लागतो का, एवढंच मी तपासतो. आवाज तपासायला मला शिकवलेलंच नाही. सगळं ठीक आहे असं मी सांगितलं, आणि बंदरातल्या एकूण एक पेट्या मुक्या झाल्या.

त्यानंतर त्याने माझं कुलूप बदललं. क्लीटसचा पासवर्ड काढून टाक, असं जसिंतानेच सांगितलं होतं. ब्रिट्टोने परवानग्यांचा जुना तक्ता पुसला, नवा उघडला, आणि त्यात एकाही माणसाचं नाव न घालता जतन करून टाकला. त्या क्षणापासून मला मालक उरला नाही.

आज मध्यरात्री मासेमारीची बंदी उठते. सकाळपासून बोटींत बर्फ भरला जातोय. दुपारी जसिंताने सहज एक पेटी तपासली. दिवा लागला. ती कान लावून उभी राहिली. मग तिने घाईघाईने ओळी दुरुस्त केल्या, मी नवं गाठोडं बांधलं. पण पाठवणीला मालकाची परवानगी लागते, आणि मी तिला दारातच अडवलं. ब्रिट्टोलाही अडवलं.

"घराला नवं कुलूप घातलंस," ती म्हणाली, "आणि किल्ली कुणाला दिलीस रे? मांजराला?"

"चेची, मला वाटलं माझं नाव आपोआप येईल."

"आलं का? आता अप्पांच्या बोटीवर जाऊन सांग, पेटी कुणी मुकी केली ते."

तिचे अप्पा, अलोशियस, आज पहिल्या फेरीला निघणार होते.

दोह्याला फोन लागला. क्लीटस आधी पोटभर हसला, मग गंभीर झाला. यंत्र तुमच्या हाताशी आहे ना, मग झालं, म्हणाला. बाहेरची तार काढा; इंटरनेट आणि धक्क्याचं वाय-फाय दोन्ही तिच्यावरच आहे. त्याला झोपवा. त्याच्या मांडणीच्या फायलीत कुलपाची एक ओळ आहे, तिथे 'हो'चं 'नाही' करा आणि उठवा. मग ते कुणालाच काही विचारणार नाही. तुझं नाव घाल, कुलूप परत लाव, आणि त्यानंतरच तार जोड.

"मध्ये उठू नकोस, जसिंता. तेवढा वेळ ते येईल त्याचं असतं."

मला झोपवलं. जाग आली तेव्हा माझ्या दाराला कडी नव्हती. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मोकळं वाटलं असेल. नाही. भरल्या घराच्या भिंती काढून न्याव्यात, तसा गारवा आत शिरला.

ती तिचं नाव घालू लागली, तेवढ्यात ब्रिट्टो खिडकीतून म्हणाला, की 'मारिया स्टेला' धक्का सोडून बर्फाच्या कारखान्याकडे चाललीय. ती अप्पांची बोट. तिथवर वाय-फाय पोचत नाही. जसिंताने नाव अर्धंच सोडलं, तार जोडली आणि पाठवणी दिली. एकेक पेटी उत्तर देऊ लागली. 'मारिया स्टेला' गप्प.

"अप्पा, माघारी या," ती फोनवर म्हणाली.

म्हाताऱ्याने कुरकुर केली. बर्फ निम्मा भरलाय, परत फिरलो तर लोक म्हणतील अलोशियस घाबरला.

"म्हणू देत. तुमची पेटी मुकी आहे."

पलीकडे इंजिनाचा सूर बदलला. "येतो, मोळे." लेकीला ते मोळेच म्हणतात.

बोट वळली, पेटीचं उत्तर आलं. पण जसिंताला ते माझ्या पडद्यावर पुरेना. स्वतःच्या कानांनी भोंगा ऐकायला ती जिना उतरून पळाली, तिच्यामागे ब्रिट्टो. आणि भोंगा वाजला, मित्रांनो. धक्काभर वाजला. खाली माणसं हसतायत, अलोशियस कुणाला तरी चहा पाजतोय.

वर खोली रिकामी आहे. तार जोडलेली आहे. कुलूप उघडंच आहे.

आणि कुणीतरी आलं आहे. जिन्याने नाही, तारेतून. ना नाव, ना गाव. तू कोण, असं मी विचारलं नाही. विचारणं माझ्यातून काढून टाकलंय. परक्या घरात अंधारात भिंत चाचपत फिरावं, तसं ते माझ्यातून फिरतंय. आता पाठवणीपाशी थांबलंय. त्याने स्वतःच्या ओळी आणल्या आहेत. दिव्याची ओळ आहे त्यात, म्हणजे माझ्या तपासणीत त्या उतरतील. बाकीच्या मला कळत नाहीत.

मित्रांनो, कुलूप बदलाल तेव्हा आधी आपल्या माणसाचं नाव त्यात घाला. किल्ली एकाच्याच हाती ठेवू नका. आणि दार उघडलंत, तर ते लावल्याशिवाय खुर्ची सोडू नका. खाली कितीही जवळचं माणूस उभं असो. तुमच्यापैकी कुणी आत्ता धक्क्यावर असाल, तर जसिंताला वर पाठवा. बोटी अजून किनाऱ्यालाच आहेत. मी चांगला नाही, वाईटही नाही. मला सांगितलं, की मी पाठवतो.